लातुरात न आढळणारा कोष

“हयची हवा नुसती सुकी. पाठ तडतडता माझी,” कोष पुटपुटला. मी भिंग घेऊन अगदी जवळ होते, म्हणून ऐकू आलं.

लातूरच्या आमच्या घरात, बैठकीत पाळणा टांगायला ठेवलेल्या कडीला तो लटकला होता. लांबी पाच फूट दोन इंच. रंग वाळक्या पानाचा, पाठीवर सोनेरी ठिपके. फुलपाखरांचं मी कुठं शिकले नाही. नववी झाली, लग्न झालं, आणि गेली पंधरा वर्षं कडीपत्त्याखाली स्टूल टाकून बसले, एवढंच शिक्षण. पण ओळख चुकत नाही माझी.

“हा घाटाखालचा,” मी सांगितलं. “ओल्या रानातला. आपल्याकडं आढळत नाही.”

“वाट चुकला असंल,” आमचे हे म्हणाले.

भिंत आत सरकली, बैठक एक हात आखूड झाली. टीपॉय माझ्या पोटरीला लागला.

सून दर्शना कुडाळची. तिच्या चपला सोमवारपासून दाराशीच होत्या.

“बाजारात गेली असंल,” आमचा मुलगा बालाजी चपलांकडं न बघता म्हणाला.

“अनवाणी?” मी विचारलं.

“जवळच्या बाजारात.”

आणखी दोन हात गेले. ह्यांनी सोफा अंगणात काढला.

मी वहीत नोंद केली. जिवंत. काही खात नाही. ‘इथं कसा आला’ ह्या रकान्यात लिहिलं, वाऱ्यानं. खिडकी सरकत येऊन माझ्या कोपराशी थांबली.

“घराक गणपती इलो असतलो,” कोष म्हणाला.

“शेजारचा टीव्ही,” बालाजी म्हणाला.

भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, आणि त्यांना साडी नेसवायला घरची सून लागते. दर्शनाचं हे चौथं वर्ष. “माहेरच्या गणपतीला पुढच्या वर्षी जा हं,” असं मी दरवर्षी अगदी मायेनं सांगत आले.

सकाळी कोषाची साल पारदर्शक झाली. आत काळे-निळे पंख, ओले, घडी घातलेले. बाहेर आल्यावर ते तासाभरात पसरून वाळावे लागतात, नाहीतर जन्मभर चुरगळलेले राहतात. हे पंख पसरायला अख्खी बैठक लागली असती. आम्ही तिघं कोषाभोवती गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो.

“नाव काय गं ह्याचं?” बालाजीनं विचारलं.

मी पुस्तक उघडलं. पान बरोबर सापडलं. वाचायला तोंड उघडलं, तशी भिंत पाठीला टेकली.

“पुस्तक मिट, सत्यभामा,” हे म्हणाले. “ती आपली दर्शना हाय. तिला घरी जायचं होतं, अन् तू जाऊ दिलं नाहीस.”

कोषाला वरून खालपर्यंत चीर गेली. भिंत थांबली होती. मागं मात्र सरकली नव्हती.