गवताच्या रंगाची रायफल

“सगळा रंग खरवडून टाका, दादा. नावालाही ठेवू नका,” दीप्ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, शशिकांतने, बोल्ट काढलेली रायफल टेबलावर ठेवली आणि काठीवर भार देत तो स्टुलावर टेकला. विश्वनाथला त्या रायफलीकडे पाहवेना.

मार्चमध्ये हॉर्नबी उपनगरातल्या याच गॅरेजात त्याने ती रंगवली होती. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या रंगवणाऱ्या हाताला कित्येक वर्षांनी स्वतःचे म्हणावे असे काम मिळाले होते. आधी मातकट पिवळा हात. त्यावर डोंगरातल्या गवताची पाती दाबून करडा. मग कांद्याची जाळीदार पिशवी ताणून विटका हिरवा. दस्त्यावर केशरी पट्टी होती. नवरा विसरभोळा, म्हणून दीप्तीने गुंडाळलेली. विश्वनाथने ती सोलली.

“राहू दे रे ती,” शशिकांत म्हणाला होता.

“ठिगळ दिसेल. मग लाव नवी.”

अंगणातल्या वाळक्या गवतात ठेवून पाहिली, तर रायफल दोन पावलांवरून दिसेना. दोघे टाळ्या देऊन हसले. नवी पट्टी राहूनच गेली.

मे महिन्यात, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, मारलेले हरीण सोलायला बसताना, शशिकांतने ती गवतात टेकवली आणि ती गवत झाली. शोधता शोधता अंधारले. तो घळीत घसरला. सकाळी हेलिकॉप्टर आले, तेव्हा डाव्या पायाची तीन बोटे थंडीने काळी पडली होती. रायफल पुढे दुसऱ्याच शिकाऱ्याच्या बुटाला लागली.

“मी बांधलेली पट्टी ह्यानं काढून फेकली,” दीप्ती सांगत होती. “बायकोनं बांधलेली ना! मित्रांत शान मारायची होती.”

“मारली की,” शशिकांत हसला. “तीन नखं कापायची कटकट गेली. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास.”

“बघा, थट्टा सुचतेय! चार महिने विचारतेय, का काढलीस? एक शब्द बोलत नाही.” तिचा आवाज चिरकला.

विश्वनाथने मान वर केली. शशिकांतने त्याच्याकडे पाहत, अगदी हलकेच, मानेने नकार दिला. म्हणजे चार महिने हा माणूस विश्वनाथच्या वाट्याची बोलणी मुकाट ऐकत आला होता.

टेबलाच्या कडेला, खालच्या बाजूला, ती पट्टी अजून चिकटलेली होती. विश्वनाथने ती ओढून काढली. तिच्यावर हिरवे शिंतोडे वाळले होते.

“दीप्ती, ही मी काढली होती. तो नको म्हणत होता.”

दीप्तीने पट्टी घेतली नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली; मग खाली बसून त्याच्या डाव्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागली.

“घट्ट होतेय का?” तिने विचारले.

“नाही गं.”

विश्वनाथकडे तिने पाहिले नाही. तो थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने दस्ता घासू लागला. गवत विरघळत गेले. खाली उन्हाने काळवंडलेले लाकूड निघाले आणि त्यावर, पट्टीच्या रुंदीएवढा, एक फिका पट्टा.