खड्ड्यावरची खुर्ची

दूरच्या शहरातल्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा घरात आनंदाऐवजी सुतकी कळा पसरली. ती जन्मापासून दृष्टिहीन. आईनं डोळ्याला पदर लावला आणि दादानं मोबाइल काढला. दादा विमा एजंट होता. वाईट तेच आधी सुचणं हा त्याचा धंदाच.

"घरफोड्या, पाकीटमारी, अपघात," तो वाचत सुटला. "अख्खं शहर नकाशावर लालभडक आहे."

"मला लाल दाखवून काय उपयोग, दादा? मला तिथे चालून बघू दे."

"आपल्या गावात काय वाईट आहे? इथे तुझ्या केसाला तरी धक्का लागलाय कधी?"

"लागेल कसा? फाटकाबाहेर मला एकटीला सोडलंयत कधी?"

दादानं मोबाइल खिशात टाकला. रुजू होण्याआधी दोघं त्या शहरात गेली. भाड्याची खोली पाहून झाली आणि तिनं अट घातली: खोलीपासून रुग्णालयापर्यंत ती एकटी जाणार. दादानं मागून यायचं, पण काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

वाटेतली वळणं आधी विचारून घेऊन, पांढरी काठी टेकत ती निघाली. पहिल्याच वळणावर एक मोटारसायकल इतक्या जवळून गेली की तिची ओढणी उडाली. जरा पुढे एका मावशींनी न विचारताच तिचा दंड धरला आणि "भिऊ नको गं" म्हणत तिला रस्त्यापलीकडे नेलं. तिला पलीकडे जायचंच नव्हतं! मावशी गेल्यावर ती हॉर्नचा अंदाज घेत, जीव मुठीत धरून परत आली. परत फिरावं, असं एकदा मनात येऊन गेलंच.

आणि तेवढ्यात काठी कशावर तरी आपटली. लाकडी खुर्ची होती, भर फुटपाथवर.

"थांबा ताई!" दुकानातून आवाज आला, मागोमाग कात्रीची कचकच थांबली. "खुर्चीखाली गटार उघडं आहे. उजवीकडून या."

"झाकण कुठे गेलं?"

"चोरीला."

"ऐकलंस?" दादाला राहवलं नाही. "झाकणंसुद्धा सोडत नाहीत इथे!"

तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "मग ही खुर्ची नाही चोरत कोणी?"

"दोन नेल्या की," न्हावी म्हणाला. "ही तिसरी. करता काय? समोर शाळा आहे, पोरं पळत येतात."

तिला हसू फुटलं. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

रुग्णालयाच्या दारात दादानं तिला गाठलं. "चोर आहेत, खड्डे आहेत, गाड्या बेफाम आहेत. अजून काय बघायचं राहिलं?"

"सगळं आहे. मलाही भीती वाटली रे. पण आले ना इथवर?" ती म्हणाली. "महिनाभर राहून बघते. नाही जमलं तर तूच न्यायला ये."

दादानं तिची ओढणी सारखी केली. मग एवढंच म्हणाला, "पोचल्यावर रोज फोन करायचा."

ती रुजू झाली. रोज बोर्डावर बसली की पहिला फोन दादाला आणि दुसरा नगरपालिकेला. तिकडचा कारकून आधी खेकसायचा, मग टाळायचा. पुढे पुढे तिचा आवाज ऐकताच "हो ताई, लक्षात आहे" म्हणू लागला. एके दिवशी खरंच माणसं आली आणि सिमेंटचं जाड झाकण बसवून गेली. न्हाव्यानं त्यावर उड्या मारून खात्री करून घेतली.

महिना संपला. दादा न्यायला आला नाही. आईला सोबत घेऊन चार दिवस राहायला आला.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. दोघांचा चहा होईतो ती चपला घालून तयारही झाली.

"आज कुठे?" आईनं विचारलं.

"रुग्णालयाच्या उलट्या दिशेला. तिकडे काय आहे, ते अजून मलाही ठाऊक नाही."

दादा उठायला लागला. आईनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.