तीनशे बेचाळिसावा दिवस

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, आणि माझ्या अंगावर लटकलेल्या आकड्यांवर माझा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही. असे का झाले, ते सांगतो.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी एका रंगाऱ्याने मला रंगवले. 'अपघाताविना गेलेले दिवस' अशी ठसठशीत निळी अक्षरे काढली आणि खाली आकड्यांच्या पाट्या अडकवायला तीन हुक ठोकले. मी वाळत असताना तो म्हणाला होता, "अक्षरं माझी, त्यात खोट नाही. पाट्या तुमच्या तुम्ही लावा." तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

मला यंत्रघराच्या दारावर टांगले. पॅकिंग विभागातल्या एक मावशी रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी स्टुलावर चढत, पदराने माझी धूळ पुसत आणि पाटी बदलत. जुन्या मालकांच्या काळात माझा आकडा कधी पंधरावर जाई, कधी चाळिसावर. कुणाचा पाय चिमटला, कुणाला भाजले, की मालक स्वतः येऊन म्हणत, "मावशी, शून्य लावा." मला तेव्हा शून्याची लाज वाटत असे. आज वाटते, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत खरे आकडे होते.

पुढे कारखाना विकला गेला आणि नवे व्यवस्थापक आले. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." त्या दिवसापासून लोक त्यांना पाठीमागे 'कुटुंबप्रमुख' म्हणू लागले. त्यांनी जाहीर केले की तीनशे पासष्ट दिवस अपघाताविना गेले, तर प्रत्येकाला दोन दिवसांची भरपगारी सुट्टी आणि एक कुकर मिळेल. मध्ये एक जरी अपघात झाला, तरी कुणालाच काही नाही.

माझा आकडा वाढू लागला. शंभर झाले, दोनशे झाले. बाहेरून पाहुणे आले की कुटुंबप्रमुख त्यांना माझ्यापुढे उभे करून फोटो काढत. माझे एवढे कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते. तरी मला चैन पडेना. प्रथमोपचाराची पेटी यंत्रघरातून उचलून त्यांच्या केबिनमधल्या कपाटात कुलूपबंद झाली होती. कचऱ्याच्या डब्यात, कात्रणांच्या खाली, रक्ताचे बोळे दिसत. लोक हात खिशात घालून माझ्याखालून जात. एका महिन्यात सात जण घरच्या जिन्यावरून पडले. त्यातल्या दोघांच्या घराला जिनाच नव्हता.

माणसे एकमेकांकडेही तिरक्या नजरेने पाहू लागली. कुणी हळू आवाजात बोलले, की शेजारचा कान टवकारी. कुणी लंगडत आले, की त्याच्या काळजीआधी कुकरची काळजी डोळ्यांत दिसे.

मावशींची सूनही तिथेच पुठ्ठा कापायच्या यंत्रावर काम करत होती. पात्यापुढे एक लोखंडी जाळी असे. जाळीमुळे वेळ जातो म्हणून कुटुंबप्रमुखांनी फिटरकडून ती काढवली. सून त्यांना म्हणाली, "साहेब, हात जवळ जातो हो." ते हसून म्हणाले, "लक्ष कामावर ठेवलं की नाही जात."

माझ्यावर तीनशे एक्केचाळीस लागले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्राचा आवाज मध्येच बदलला आणि थांबला. सुनेच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

तिला गाडीत घालून नेले. लगेच कुटुंबप्रमुखांनी मावशींना माझ्याचखाली गाठले.

"मावशी, घरी सुरीने कापलं म्हणून सांगा. औषधपाण्याचं आम्ही बघू."

"बोटं तुटलीत साहेब. सुरीनं?"

"तुम्ही मोठ्या आहात, तिला समजवा. आणि उद्या नेहमीसारखी पाटी बदला."

ते गेल्यावर पॅकिंगमधलीच एक बाई जवळ आली. तिने मावशींचा हात धरला आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, चोवीसच दिवस राहिलेत गं." मावशींनी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. सगळा कारखाना खाली उभा राहून पाहत होता. त्या स्टुलावर चढल्या, पण आज त्यांनी मला पुसले नाही. तीनही पाट्या काढल्या आणि मधोमध एकच शून्य अडकवले.

"मावशी, चुकीची पाटी लागली," कुटुंबप्रमुख म्हणाले.

"चुकीच्या आजवर लावल्या, साहेब. ही बरोबर आहे."

"खाली उतरा. नोकरीचा विचार करा."

"सुनेनं काल शुद्धीवर आल्यावर मला विचारलं, आई, उद्या कोणती पाटी लावणार? तिलाही माझ्यावर भरवसा नव्हता. त्याचा विचार रात्रभर केला."

मग फिटर पुढे आला. "जाळी मी काढली. ह्यांनी सांगितलं म्हणून. लिहून देतो." त्याच्यामागून एकाने खिशातून हात काढला आणि पट्टी सोडून दाखवली. मग दुसऱ्याने. हात धरणारी ती बाई सर्वांत शेवटी आली. तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

त्या दिवशी यंत्रे सुरू झालीच नाहीत. कारखाना निरीक्षक आले, जबाब झाले. जाळी परत बसली. सुनेच्या उपचारांचा खर्च कंपनीला करावा लागला आणि तिला पॅकिंगमध्ये सासूच्या शेजारी जागा मिळाली. ती आता डाव्या हाताने चिकटपट्टी लावते. कुटुंबप्रमुखांची बदली झाली, म्हणे वरच्या जागेवर. फिटरला मात्र तीन महिन्यांनी 'जागा कमी केल्या' असे सांगून घरी पाठवले. म्हणूनच म्हणतो, सगळे नीट झाले असे कुणी सांगितले, तर मी चटकन मान डोलवत नाही.

माझ्या जागी आता दिव्यांचा फलक आहे. त्याचे आकडे आपोआप वाढतात आणि ते खाली आणायचे बटण केबिनमध्ये आहे. मी गोदामात, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. गंज चढला आहे, त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठे ना कुठे कामाला जाल, कुणी तुमच्या हाताखाली काम करील. तिथे भिंतीवर मोठा, चकचकीत आकडा दिसला, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी त्याच्याखालून जाणाऱ्या माणसांचे हात पाहा. आणि कुणी हात खिशात लपवला असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा, "दुखतंय का?"