वीस तास भार नको

पुढे रिकामी गाडी आणि मागे दुधाचे दोन भरलेले कॅन घेऊन लंगडत येणारी बाई. महिनाभर रोज सकाळी मी हे बघत होते आणि रोज मला तितकीच शिसारी येत होती.

गाडी म्हणजे एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, मागे सामान बांधायला लोखंडी जाळी आणि बसायला जागा एकाच माणसाची. तिच्यावर आमचे मोठे भाऊजी, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मागे लंगडणारी ती त्यांची बायको, माझ्या जाऊबाई. आमचा गोठा टेकडीवर, कुरणाला लागून. घर खाली रस्त्यालगत, दुधाचा टेम्पोही तिथंच थांबतो. मधली उतरणीची वाट जाऊबाई अठरा वर्षं कॅन घेऊन उतरत आल्या. त्यात गुडघा झिजला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आणखी एक वर्ष ओझं वाहिलंत तर हा पाय कायमचा जाईल. म्हणून जाऊबाईंनी स्वतः वाढवलेल्या दोन गाई विकल्या आणि ही गाडी घरात आली.

कॅन मी उचलले असते, पण मला सातवा महिना. नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा तोंड दाखवणार. राहिले भाऊजी. अंगानं दोन माणसांएवढे आणि गुडघे दोन्ही ठणठणीत.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मेकॅनिकनं समजावलं होतं, "पहिले वीस तास इंजिनाला सांभाळा. मूठ अर्ध्याच्या वर पिळू नका, एकाच वेगानं पळवू नका, मधे मधे थंड होऊ द्या, फार भार घालू नका. नव्या सुनेसारखं वागवा."

भाऊजी खो खो हसले. जाऊबाई लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गोठ्यात शेण काढत होत्या. सासूबाईंनीच हे मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

मेकॅनिकचं बाकी सगळं भाऊजींनी अक्षरशः पाळलं, फक्त त्यातला 'फार' तेवढा गाळला. भार नको म्हणजे नको. रोज अर्धा तास गाडी वर न्यायची, खाली आणायची, मीटरवरचे तास बघायचे आणि फडक्यानं टाकी पुसायची.

"अहो, निदान एक कॅन तरी ठेवा जाळीवर," जाऊबाई म्हणायच्या.

"तुला यंत्रातलं काय कळतं? आत पिस्टन घासला तर?"

"माझा गुडघा घासलाय."

"मग त्याला तेल लाव."

खाली टेम्पोपाशी चार माणसं जमली की भाऊजींना आणखी चेव यायचा. टेम्पोवाला एकदा म्हणाला, "दादा, जाळी रिकामीच दिसते?" त्यावर यांनी त्याला पाऊण तास इंजिन शिकवलं. "नियम म्हणजे नियम. आपल्या लोकांना धीरच नसतो!" आणि मागून जाऊबाई घाम पुसत कॅन चढवत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात टायरचं खूळ निघालं. कंपनीचे टायर म्हणे बायकी दिसतात. तालुक्याला जाऊन ते बदलून आणले. नवे टायर चिखलातले, त्यांना बोटभर उंच रबराचे खुंट, शोरूममधल्या जाहिरातीच्या फोटोत होते तसेच. गाडी दिसायला रुबाबदार झाली यात शंका नाही. पण त्या खुंटांनी आठ दिवसांत वाट नांगरून काढली. वरच्या अंगाला मऊ चिकणमाती, त्यात गोठ्याचं पाणी आणि शेण. चाक फिरलं की तो सगळा रगडा मागे उडायचा आणि मागे कोण? जाऊबाई. केसांत शेण, पापण्यांवर शेण, कॅनच्या झाकणावर शेण. ती झाकणं मी खरवडून धुवायचे आणि मला ओकारी यायची. ती पोटातल्या बाळामुळे नव्हती, एवढं नक्की.

मग दोन दिवस पाऊस झाला आणि चाकांनी पाडलेल्या चरात जाऊबाई पडल्या. दुखरा पाय खाली मुडपला. एक कॅन उलटा, दूध शेणात मिसळून वाटेनं खाली निघालं. भाऊजींनी गाडी थांबवली, उतरले, मागे आले आणि वाकून मडगार्ड बघितलं.

"कॅन लागला नाही ना गाडीला?"

"शी, भाऊजी!" मी ओरडले. दिराशी मी कधी वर मान करून बोलले नव्हते. "माणूस आहात का कोण?"

त्यांनी फडक्यानं मडगार्ड पुसलं. तशीच गाडी पुढे नेली आणि खालच्या ओल्या खडकावर ते रुबाबदार खुंट साबणासारखे घसरले. गाडी आडवी होऊन पार कडेला गेली. भाऊजी उतरले तेव्हा तोंड पांढरंफटक. "टायरच खराब निघाले," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी चढवून आम्ही तिघं तालुक्याला गेलो. जाऊबाईंचा पाय बांधून घेतला. डॉक्टरांनी उतार चालायला आणि वजन उचलायला साफ मनाई केली. शेजारीच टायरचं दुकान.

"जमीन कशी आहे तुमची?" टायरवाल्या चाचांनी विचारलं.

"सगळंच आहे थोडं थोडं," भाऊजी म्हणाले.

"असं नाही चालत, साहेब. जास्त काय आहे?"

भाऊजी छताकडे बघायला लागले. जुन्या टायरांच्या चळतीवर पाय लांब करून बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "गोठ्यापासून सत्तर पावलं चिकणमाती. पुढे कुरणाच्या कडेनं गवत. मग दीडशे पावलं खडक, सकाळी ओलाच असतो. शेवटी वळणावर बारीक खडी, तिथं डावीकडे उतार."

चाचा भाऊजींना सोडून त्यांच्याकडे वळले. त्यांनी बुटक्या खुंटांचे, दाट नक्षीचे, बाजूंनी जाड असे टायर काढले. "खडकाला हे धरतील. हवा थोडी कमी ठेवा, मातीतही निघतील."

भाऊजी बाहेर फोनवर बोलायला गेले तसं मी विचारलं, "चाचा, वीस तास होईपर्यंत दुधाचे दोन कॅन ठेवले तर चालतं?"

"चाळीस लिटर ना? त्याला कोण भार म्हणतं, बेटी? भार म्हणजे विटांची ट्रॉली. अहो, साहेबांचंच वजन शंभर असेल. तुमच्या ताई बसल्या तर कॅन धरूनही गाडीला हलकंच पडेल."

मी ताडकन उठले. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई काठी टेकत कशाबशा गोठ्यापर्यंत चढल्या, धार झाली. मग त्या बाहेर आल्या, गाडीवर बसल्या, किल्ली फिरवली. महिनाभर मागून बघून त्यांना सगळं पाठ झालं होतं.

"अगं, हे काय?" भाऊजी ओरडले.

"उतारावर चालायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत. आणि गाई माझ्याच हाताला पान्हा सोडतात, वर तर मला यावंच लागणार."

"बरं, मग कॅन जाळीवर ठेवतो."

"चौदाच तास झालेत." जाऊबाईंनी मीटरवर बोट ठेवलं. "नियम म्हणजे नियम."

मी तोंडाला पदर लावला. जाऊबाई हळूहळू निघाल्या. मागे दोन हातांत दोन कॅन घेऊन भाऊजी. वाटेत तीन वेळा जाऊबाईंनी इंजिन थंड व्हायला गाडी थांबवली आणि तिन्ही वेळा अशा जागी, की कॅन खाली ठेवायला कोरडी वीतभर जमीन नव्हती. ती भाऊजींनीच नांगरलेली होती. त्यांच्या पोटरीपर्यंत रगडा चढला होता.

खाली टेम्पोवाला बघतच राहिला. "काय दादा, आज तुम्ही?"

भाऊजींनी धापा टाकत कॅन खाली ठेवले. जाऊबाईंनी फडक्यानं टाकी पुसली. "नवीन इंजिन आहे ना. आपल्या लोकांना धीरच नसतो," त्या म्हणाल्या.

दुपारी गोठ्यात मी त्यांना विचारलं, "सहा तास संपल्यावर काय करणार?"

त्यांनी बांधलेला पाय पेंढ्यावर नीट ठेवला.

"टायरही नवेच आहेत की," त्या म्हणाल्या.