फौंड्रीतली म्हैस

सरकारनं नवा कायदा आणायचं ठरवलं: कामगार आजारी पडला तर उपचाराचा अर्धा खर्च मालकानं द्यायचा. बातमी आली त्या सकाळी उचगावच्या लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीवाल्यांनी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर बैठक घेतली. पंचगंगेवरचं धुकं कट्ट्यापर्यंत आलं होतं. त्यात माणसं दिसत नव्हती, नुकत्याच पिळलेल्या दुधाच्या फेसाच्या पांढऱ्या मिशा तेवढ्या हवेत हलत होत्या. सगळ्यात रुंद मिशी आमच्या मालकांची, विजयसिंहदादांची.

"धारोष्ण दूध पिणारा माणूस आजारी पडतोय कुठं?" मिशी म्हणाली. "सरकारला सांगा, कायदा नको. आम्ही दर कारखान्यात एक म्हैस बांधतो."

बाकीच्या मिशा डोलल्या.

अशी आमच्या भट्टीशेजारी म्हैस आली. भट्टीच्या उजेडात ती तांबूस दिसायची. ती रवंथ करायला लागली की सगळी फौंड्री झोपेत चालल्यासारखी वाटायची. साचे भरता भरता आमचेही जबडे नकळत हलायचे.

आमच्यातले करीमचाचा मात्र पोट धरून हलायचे. मूतखडा होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, आणि चाचा कायद्याची वाट बघत होते. "अर्धं मालकांनी दिलं तर अर्ध्याचं मी बघतो," म्हणायचे. मग ग्लासभर दूध प्यायचे आणि परत पोट धरायचे.

कायद्यावरच्या हरकती आणि सूचना ऐकायला सरकारी अधिकारी आल्या, अनुजा मॅडम. दादांनी म्हैस आणि करीमचाचा शेजारी शेजारी उभे केले.

"रोज ताजं दूध, मॅडम. तब्येत बघा की!"

"कुणाची?"

"दोघांची."

तेवढ्यात म्हैस मटकन बसली. पोट फुगलेलं, तोंडातनं चारा गळायला लागला. दादा पांढरे पडले. "अरं, डॉक्टरला फोन लावा!"

भट्टीच्या धुरातनं तरंगत आल्यासारखी मोटारसायकल आली, वर जनावरांचे डॉक्टर.

"ह्याचा खर्च?" मॅडमनी विचारलं.

"त्येची काळजी न्हाय," दादा घाम पुसत म्हणाले. "म्हशीचा विमा उतरवलाय की."

करीमचाचांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, सावकाश खाली बसले आणि म्हशीशेजारी आडवे झाले.

"करीम, हे काय रे?"

"दादा, मला बी म्हशीत धरा. दूध तेवढं मागू नका."

म्हशीला औषध पाजून झाल्यावर डॉक्टरांनी सवयीनं चाचांच्याही अंगाला हात लावला, आणि झटकन काढून घेतला. "ही उठंल. पण ह्यांचं अंग तापानं भाजतंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

दादांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी म्हशीकडं, म्हशीनं दादांकडं. शेवटी दादांनीच चाचांना उचललं आणि आपल्या गाडीत निजवलं.

"ऑपरेशनचं काय?" मी विचारलं.

"मी करतो सगळं. अर्धंबिर्धं न्हाय." मग काच खाली करून ओरडले, "पण मॅडम, कायद्याला आमचा विरोध कायम हाय! लिवून घ्या!"

गाडी धुरात विरघळली. मॅडमनी ते हरकतींमध्ये लिहून घेतलं. म्हैस उठली, अंग झाडलं आणि दाराकडं तोंड करून लांबलचक रेकली.

मॅडमनी तेही लिहून घेतलं, सूचनांमध्ये.