ऑरिनचा शॉर्टस्टॉप

ऑरिनने यादी माझ्यापुढे सरकवली आणि मी उगाचच चष्मा पुसत बसलो. शनिवारची दुपार, बेव्हच्या दुकानातलं मागचं टेबल, बाहेर डलुथ शहराचा तोच जुना बर्फ. आमच्या कार्डांच्या बेसबॉलचा रिवाज असा की खेळाआधी समोरच्यानेच तुमचा संघ तपासायचा. प्रत्येक कार्डावर गुण छापलेले असतात, सगळे मिळून पाच हजारांच्या वर जाता कामा नयेत. तपासून खाली सही केली की यादी पक्की, मग बदल नाही. आणि सही करता करता समोरच्याच्या संघाची सालटी काढायची. हे कुठल्या नियमात नाही, पण आम्ही दोघं अकरा वर्षं इमानेइतबारे करत आलोय.

ऑरिन हॅस्केल, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. मेंदूत गुठळी झाली आणि तीन महिने दिसला नाही. आज पहिल्यांदाच आला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"बघ की, व्हर्न. अंडी उबवतोयस का?"

मी वाचायला लागलो. पिचर झकास. कॅचर ठीक. पहिल्या बेसचे खेळाडू मात्र एकाऐवजी तीन, आणि त्यातला एक, ब्रुबेकर नावाचा जाडजूड गडी, चक्क शॉर्टस्टॉपला उभा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा, अर्धे चेंडू तिकडेच जातात. नवखं पोरसुद्धा ती आधी भरतं. चुकीचा माणूस उभा केला तर चालतं, पण त्याची फील्डिंग शून्य धरतात.

काही डाव असेल, म्हणून मी राखीव खेळाडू पाहिले. चांगला शॉर्टस्टॉप तिथे बाकावर बसवलेला. डाव कसला, कपाळ!

सांगावं तर चारचौघांत त्याचं डोकं गेल्याचं सांगितल्यासारखं होणार. न सांगावं तर मी त्याला आरामात चिरडणार. मी पाय हलवत राहिलो, कॉफी सांडली, पुसली. बेव्हने घड्याळाकडे बोट केलं.

"चांगला आहे संघ," मी म्हणालो आणि सही ठोकली.

ऑरिन माझ्याकडे बघत राहिला. "एवढंच?"

"एवढंच. टाक फासा."

वीस बाजूंचा तो फासा मेला माझ्यावर खूश होता. दुसऱ्या डावात दोनदा, तिसऱ्यात पुन्हा, चेंडू ब्रुबेकरकडेच. प्रत्येक वेळी माझा माणूस बेसवर पोचला. पाच धावांनी पुढे होतो, आणि कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं मला. मुद्दाम वाईट खेळावं म्हटलं, तर फासा ऐकेना.

मग ऑरिनने डाव्या हाताचं बोट ब्रुबेकरवर ठेवलं.

"हा इथे काय करतोय?"

मी फासा उचलून परत खाली ठेवला.

"व्हर्न. तू बघितलं होतंस?"

"हो."

"सही करायच्या आधी?"

"हो."

त्याने खुर्चीला पाठ टेकली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही अगदी पहिल्यासारखे झालात. डॉक्टर पाठ थोपटतो. मला रात्रंदिवस एकच, खरं काय ते कुणी सांगेल का? म्हटलं, व्हर्नकडे जाऊ. तो मेला तरी गोड बोलायचा नाही." त्याने यादीखालच्या माझ्या सहीकडे पाहिलं. "आणि तू म्हणतोस, चांगला आहे संघ."

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"चुकलं माझं, ऑरिन."

"ते राहू दे. आता नीट बघ. बेरीजसुद्धा बघ."

त्याच्या बेरजेवर बोट ठेवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती, मीही नाही. मी पेन्सिल घेतली. एकदा केली, मग खालून वर पुन्हा केली. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"पाच हजारांपेक्षा तीनशे चाळीसने जास्त आहे," मी त्याला सांगितलं.