भिंतीला लावलेला पाचोळा

चूक माझीच. आधीच सांगून टाकतो, नंतर धीर होत नाही.

अंगणात औषध मारायचं नाही हे माझं खूळ. पाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या बुडाशी पसरायचा, म्हणजे माती ओली राहते, पाणी कमी लागतं. सगळं मोबाइलवर बघून शिकलो. दादा मला गांडूळमहाराज म्हणतो. बाबा तर रोज कुरकुरायचे. एकट्या वहिनीने त्यांना सांगितलं, करू द्या, वर्षभर बघू.

वर्ष छान गेलं. बेडूक आले, फुलपाखरं आली. मला जरा चढलीच. उरलेला पाचोळा मागच्या भिंतीला लावून ठेवला, कमरेएवढा, वर पाणीही मारत राहिलो. भिंतीपलीकडे वहिनीची शिवणाची खोली. माहीत नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी ढीग हलवला तर भिंतीवर मातीच्या रेघा. नखाने खरवडलं. आत वाळवी. एक रेघ थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत.

वहिनी बटणं आणायला गेलेली. मी खोलीत गेलो. भिंतीशी खोके, त्यात शाळेच्या गणवेशाचं कापड. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालेलं, सोमवारी द्यायचं होतं. खालचा खोका उचलला तर बूड जमिनीवरच राहिलं.

बाहेर आलो. आत गेलो. परत बाहेर. नळ उघडला, बंद केला. बाबांच्या कपाटातली औषधाची जुनी बाटली काढली. गुपचूप मारलं तर कोणाला कळणार? ठेवली. परत घेतली. तेवढ्यात फाटक वाजलं.

वहिनीने बाटलीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मी एका दमात सगळं ओकलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकेक कापड उलगडून उजेडात धरलं. सहा शर्टांच्या कापडाची चाळण झालेली. तोवर बाबा आणि दादा आले. बाबा म्हणाले, पुरे झाले लाड, सगळ्या अंगणावर मारतो. वाळवीच्या खोलीतून कोण शिवून घेणार, हे दादा दोनदा बोलला.

"अंगणाने काही केलेलं नाही, बाबा," वहिनी म्हणाली आणि बाटली माझ्याकडून घेतली. कापसाच्या बोळ्याने तेवढ्या चौकटीला औषध लावलं. मग म्हणाली, "भाऊजी, ढीग काढा. मग हे खाल्लेलं कापड घेऊन माझ्याबरोबर चला. मुख्याध्यापक बाईंना तुम्हीच सांगायचं."

काम गेलं तर, मी विचारलं.

"गेलं तर हे एक जाईल. लपवलं आणि एखाद्या पोराच्या खिशातून वाळवी निघाली, तर सगळीच जातील."

बाईंसमोर मी पाचोळ्यापासून सुरुवात केली. त्या कापडाच्या भोकांतून बोट घालून बघत होत्या. माझं संपल्यावर बाई म्हणाल्या, सहा शर्ट मागाहून चालतील, पण खोली मी स्वतः बघणार, रविवारी. एक रेघ दिसली तरी काम दुसरीकडे.

आज शनिवार. भिंत धुतली, घासली, कोरडी केली. पाचोळा आता हातभर लांब. वहिनीचं मशीन चालू आहे, सकाळपासून माझ्याशी चार शब्द बोलली असेल. मी तासातासाला टॉर्च घेऊन भिंत बघतो. हे लिहितानाच तीनदा उठलो.

आता परत जाऊन येतो.